सगळं घेतलं ना?

पहाटे पाच वाजता आमच्या वरच्या खोलीत विमान सुरू होतं. इंजिनाचा आवाज येत नाही, माणसाचा येतो. "क्लिअर प्रॉप!" अशी खणखणीत आरोळी उठते, निम्म्या देवपुरातली कुत्री तिला साथ देतात, आणि आमच्या घरात सगळ्यात सावध झोप जिची, ती आई उठून बसते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा तिने मला हलवून जागं केलं.

"वरना पोऱ्याले वारं लागनं वाटस," ती कुजबुजली. "एकलाच वरडस."

वरचा पोऱ्या म्हणजे आमचा भाडेकरू. साताऱ्याकडचा, विशीतला, स्वभावाने गरीब, आणि वैमानिक व्हायला धुळ्यात आलेला. "वैमानिक व्हायला? धुळ्यात?" हे वाक्य पुण्या-मुंबईचे पाहुणे कुठल्या सुरात म्हणतात, ते आता मला तोंडपाठ आहे. धुळ्यात शेवभाजी आणि सरकारी बदली याखेरीज काही मिळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत असते. मग मी त्यांना सांगतो, की गोंदूरला आमची धावपट्टी आहे. तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची पोरं उडायला शिकतात. हा क्लब 1928 सालचा. जे. आर. डी. टाटा याच क्लबाचे, आणि 1929 च्या फेब्रुवारीत त्यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना हा भारतातला पहिला, क्रमांक एक. टाटा जुहूला शिकले, गोंदूरला नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण पाहुण्यांना फार बारकाव्यात शिरू देऊ नये.

परवान्यासाठी पोरांना 200 तासांचं उड्डाण भरावं लागतं. ते सगळे तास हवेत भरतात, अशी घरमालक या नात्याने माझी कल्पना होती. आरोळीचा छडा लावायला मी जिना चढून गेलो, तर दूधवाला आधीच तिथे कॅन घेऊन भिंतीला टेकलेला. "भो, हाऊ कोनले हाका मारस?" त्याने मला विचारलं. दार अर्धवट उघडं होतं. आत भिंतीवर विमानातल्या काट्या-तबकड्यांचं भलंमोठं चित्र चिकटवलेलं. चित्रासमोर आमचीच प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीत आमचा पोरगा, पाठ ताठ, मांडीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड. कार्डावर बोट ठेवून तो एकेक ओळ मोठ्याने वाचत होता, आणि प्रत्येक ओळीला हात लांब करून भिंतीवरचं त्या-त्या नावाचं बटण चाचपत होता. मग त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. उजवीकडे आम्ही दोघं होतो. आम्ही पंख्याच्या टप्प्यात येत नाही अशी खात्री झाल्यावर त्याने पुन्हा आरोळी ठोकली आणि भिंतीला किल्ली फिरवली.

"काका, तासाचे पैसे फार पडतात," खाली उतरल्यावर, म्हणजे खुर्चीतून उतरल्यावर, तो म्हणाला. "म्हणून आधी खुर्चीत उडायचं. खुर्चीला पेट्रोल लागत नाही."

मी कार्ड हातात घेतलं. विमानाला नुसती प्रदक्षिणा घालायचीच एक मोठी यादी होती. टाकीतलं थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरायचं, पाणी आहे का बघायचं. तेलाची कांडी बुडवून बघायची. टायर बघायचे. वेग मोजणाऱ्या नळीवर टोपण असतं, ते काढायचं. उभ्या विमानाचं सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला अडकवलेलं कुलूप काढायचं. मग आत बसायचं, खुर्ची पुढे-मागे करून ती अडकली का ते बघायचं, पट्टा, ब्रेक... पंखा फिरायला अजून बराच अवकाश होता.

"एवढे दिवस झाले, पाठ नाही झालं अजून?" मी विचारलं. माझा सूर त्या मास्तरांचा होता, जे आम्हाला औटकीचा पाढा उलटा म्हणायला लावत.

"पाठ आहे ना, काका. म्हणूनच वाचायचं."

हे उत्तर मला उद्धट वाटलं, पण आप्पांना एकदम पटलं. आमचे वडील गेली कित्येक वर्षं रोज सकाळी पोथी वाचतात. ती त्यांना इतकी पाठ आहे की मध्ये भाजीवाली आली तर तिच्याशी मेथीचा भाव करून ते त्याच शब्दावर परत येतात. तरी पोथी उघडायची, चष्मा लावायचा आणि ओळीवर बोट ठेवायचं, हे चुकत नाही. "पाठ व्हयनं की जीभ पुढे पळस नि डोया मांगे राहतस," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून पोरगा त्यांचा लाडका झाला.

ही पोथी वैमानिकांच्या हाती कशी आली, ते पोरानेच सांगितलं. 1935 च्या 30 ऑक्टोबरला अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं चार इंजिनांचं बॉम्बर विमान लष्कराला उडवून दाखवायचं होतं. चालवायला बसले मेजर प्लॉयर हिल, म्हणजे लष्कराच्या चाचणी-वैमानिकांतला मुरलेला माणूस. विमान उडालं, नाक वर करून चढलं आणि कोसळलं. दोघांचा जीव गेला. इंजिनं ठीक होती, विमान ठीक होतं. जमिनीवर असताना शेपटीच्या पात्यांना घातलेलं कुलूप तेवढं काढायचं राहिलं होतं. आता एखाद्याला वाटेल की यावर लष्कराने वैमानिकांना दुप्पट शिक्षण दिलं असेल. पण हिलपेक्षा शिकलेला माणूस आणायचा कुठून? त्यांनी कागद आणला. उडण्यापूर्वी काय, उतरण्यापूर्वी काय, सगळं त्यावर लिहिलं आणि वैमानिकाला सांगितलं, वाच. तेच विमान पुढे बी-17 नावाने 12 हजारांवर बांधलं गेलं.

मला त्यातलं सगळ्यात कठीण वाटलं ते उत्तराचं. मोठ्या विमानात दोघं असतात. एक जण वाचतो, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. आणि उत्तर म्हणून "हो" चालत नाही. फ्लॅप किती, असं विचारलं तर काटा जिथे असेल तो आकडा सांगायचा. दिवा पेटला असेल तर "चालू" म्हणायचं, नसेल तर "बंद". "हो," "झालं," "केलं मघाशी," "आहे माझ्या लक्षात" ही उत्तरं बाद.

ही चार उत्तरं बाद केली तर आमचं घर मुकं होईल.

आमच्याकडे गावाला निघताना एकच प्रश्न विचारतात. उंबऱ्यात उभं राहून, पायांत चपला सरकवत, कुणीतरी म्हणतं, "सगळं घेतलं ना?" (आई असेल तर "बठ्ठं लिधं का?") आणि पाच जण एकसुरात म्हणतात, "हो." या प्रश्नाला "नाही" असं उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात कुणी दिल्याची नोंद नसावी. "सगळं" म्हणजे काय, ते विचारणाऱ्याला माहीत नसतं, आणि "हो" म्हणणाऱ्याला तो प्रश्न आपल्यासाठी होता हे माहीत नसतं. मग कुलूप लागतं. आप्पा ते ओढून बघतात. मी ओढून बघतो. मुलगी ओढत नाही, ती फोटो काढते. शेवटी आई त्याला दोन्ही हातांनी अशी लोंबकळते की कुलूप टिकलं तरी कोयंडा निखळावा. एवढ्या चौकशीनंतर आम्ही बसस्टँडवर पोचतो आणि बायको विचारते, "गॅस कोणी बंद केला?"

गॅसचं काही वाटत नाही, तो बहुतेक वेळा बंदच असतो. भीती नळाची. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे पाणी आलं का हे बघायला कुणीतरी तोटी फिरवतो, तोटी फुस्स करते, माणूस निराश होऊन निघून जातो आणि तोटी तशीच राहते. घराला कुलूप लागलं की रात्री अडीच वाजता पाणी येतं. सकाळी शेजाऱ्यांचा फोन: "तुमच्या जिन्यावरून मस्त धबधबा सुरू आहे. आम्ही दोन पिंपं भरून घेतली, चालेल ना?"

आमच्यात याद्या नाहीत असं नाही. पूजेची यादी असते. वर "श्री" असतं, खाली हळद-कुंकवापासून पंचामृतापर्यंत सगळं ओळीने असतं, आणि गुरुजी ती आठवडाभर आधी देतात. पण ती दुकानदार वाचतो. घरातला कुणी ती सामानाशी ताडून बघत नाही. म्हणून पूजा रंगात येते, गुरुजी निरांजन पुढे करतात आणि घरभर एकच हाक उठते: "काडेपेटी!" सत्यनारायणाला काडेपेटी सापडलेलं घर मी पाहिलेलं नाही. शेवटी कुणीतरी ओढणारे काका हळूच खिशातून लायटर काढतात आणि त्यांच्या व्यसनाला त्या दिवसापुरतं पुण्य लागतं.

पोराने मग आणखी एक नियम सांगितला, त्याने तर खानदेशच हादरला. अमेरिकेत 1981 सालापासून असं ठरलं आहे, की विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी कामाखेरीज एक शब्द बोलायचा नाही. पगार नाही, राजकारण नाही, सासुरवाडी नाही. आता धुळं समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्याही आत. कळसूबाईच्या टोकावर जाऊन उभं राहिलं तरी 5,400 फूट. म्हणजे या नियमाने आख्ख्या महाराष्ट्रात कुणालाच तोंड उघडता येणार नाही. मी हे पारोळ्याला जाताना काळी-पिवळीच्या ड्रायव्हरला सांगितलं. तो तेव्हा एका हाताने तंबाखू मळत होता, खांद्यावरच्या मोबाइलवर कुणाला तरी कापसाचा भाव सांगत होता आणि खिडकीतून "एक शीट, एक शीट" ओरडत होता. त्याचीही उड्डाणापूर्वीची यादी होती: आरशाला टांगलेल्या लिंबू-मिरचीला हात, देवाच्या फोटोला हात, मागच्या दाराला एक लाथ. तिन्ही गोष्टी त्याने बघून, स्पर्श करून केल्या. पद्धत अगदी बरोबर होती. ब्रेक यादीत नव्हता, एवढंच.

इंजिन बंद पडलं तर मात्र वैमानिक पुस्तक मिटून हात-पाय हलवत असतील, असं आप्पांना वाटत होतं. पोराने त्यांना 2009 सालच्या 15 जानेवारीची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानावर पक्ष्यांचा थवा आदळला, दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सलनबर्गरने विमान हातात घेतलं आणि शेजारचा जेफ्री स्काइल्स यादी काढून वाचू लागला. यादी खूप उंचावर इंजिनं गेली तर काय करायचं याची, पानं तीन, आणि हाताशी वेळ साडेतीन मिनिटांचा. ती पुरी व्हायच्या आत विमान हडसन नदीत उतरलं. सगळे 155 जण वाचले.

"इमान पडी राह्यनं नि हाऊ पोथी वाची राह्यना!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. आमच्याकडे दूध उतू गेलं तरी पाच माणसं पाच दिशांनी धावतात, गॅस कुणीच बंद करत नाही, आणि नंतर दूध कुणी ठेवलं होतं यावर चौकशी आयोग बसतो.

या पोथीचं लोण डॉक्टरांपर्यंत नेलं ते आपल्याच एका माणसाने, हे कळल्यावर तर आप्पांची छाती फुगली. बोस्टनचे सर्जन अतुल गवांदे. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडकडचं उटी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ऑपरेशनची 19 कलमांची यादी केली. रोगी हाच का, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, शेवटी कापसाचे बोळे मोजले का, अशी साधी कलमं. खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांना आपलं नाव सांगायचं, हेही त्यात आहे. दिल्लीसकट आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तर ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यांवर आलं. तरी साधारण पाचातला एक जण म्हणत होता, हे कटकटीचं आहे. मग त्यांना विचारलं, उद्या तुमचंच पोट फाडायचं असेल तर ही यादी वापरावी का? 93 टक्के म्हणाले, अर्थात!

याचा परिणाम असा झाला की आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी सर्जनना विचारलं, "डॉक्टरसाहेब, यादी वाचतस ना तुम्ही?"

"आप्पा, वीस वर्षं झाली, हेच करतोय."

"तेच म्हनस मी. पाठ व्हई गयं ना? मंग ते वाचनंच पडी."

डॉक्टर हसले आणि त्यांनी भिंतीवर लावलेली यादी दाखवली. आप्पांनी ती चष्मा लावून वाचली, ओळीवर बोट ठेवून, आणि मगच पोट हवाली केलं.

एवढं झाल्यावर घरासाठी एक कार्ड करणं भागच होतं. मी कागद घेऊन बसलो. बायको म्हणाली, आधी "श्री" लिहा. मग कॅप्टन कोण, यावर गाडी अडली. पोरगा म्हणाला, "काकू, तसं नसतं. एक जण विमान उडवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो."

"मग बरोबर आहे," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी उडवते आणि हे लक्ष ठेवतात."

मी लिहिलं: गॅस, नळ, मोटार, कुलूप. आप्पांनी घातलं: औषधाची डबी, अडकित्ता, टॉर्च, मफलर. दिवस मे महिन्याचे होते. आईने घातलं: तुळशीला पाणी, मांजर, सुईदोरा, शेजारणीला सांगितलं का, आणि नेमकं काय सांगितलं. मुलीने चार्जर तीनदा घातला, कारण तो तिघं विसरतात. कार्ड पाठपोट भरलं. पोराने ते बघितलं आणि लाल पेनने सपासप खोडायला सुरुवात केली. यादी लांबली की कुणी वाचत नाही, जे राहिलं तर विमान पडतं तेवढंच ठेवायचं, असं तो म्हणत होता. अडकित्त्यावर रेघ आली तेव्हा आप्पा उठून अंगणात गेले.

या पोरावर आमची भक्ती बसली होती, म्हणून पुढचा प्रसंग सांगताना जीभ अडखळते. एका दुपारी तो खाली आला आणि दारात नुसताच उभा राहिला. त्याच्या खोलीला ओढलं की लागणारं लॅच आहे. बायकोने ओळखलं. ती सुपारी कातरत कातरत विचारू लागली.

"दार?"

"बंद."

"किल्ली?"

"आत."

"पंखा?"

"चालू."

"कुकर?"

पोरगा जरा थांबला. "चालू."

उत्तरं एकूण एक नियमाप्रमाणे होती. एकही "हो" नव्हता. शेजारच्या गच्चीवरून उडी मारून त्याला खोलीत शिरावं लागलं, आणि डाळीचा वास आमच्या पडद्यांना आठवडाभर होता.

कार्डाचं नव्याचं नवलही फार टिकलं नाही. सुरुवातीला बायको खरंच उठून गॅसच्या बटणाला हात लावून "बंद" म्हणायची. पुढे ती हॉलमधूनच "बंद" म्हणू लागली. मग मी "ग" म्हटलं की "बंद" यायचं. पोरगा म्हणाला, हा रोग वैमानिकांनाही होतो. नासाने 1990 साली यावर अहवाल काढला होता. रोज तेच वाचून वाचून माणूस काट्याकडे बघतो, काटा काय दाखवतो ते त्याला दिसत नाही, आणि तोंड मात्र सवयीचं उत्तर देऊन मोकळं होतं.

अमळनेरला चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, त्या दिवशी या रोगाचा पुरावाच हाती घ्यायचा असं मी ठरवलं. भाड्याची गाडी दारात उभी. सगळे बसले. मी ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर कार्ड. दहा हजार फुटांच्या खाली असल्याने कुणी बोलू नये, अशी सूचना दिली. ती आईला लागू नव्हती.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"मोटार?"

"बंद."

"कुलूप?"

"लागलंय," आप्पा म्हणाले. "तीनदा वढीसन दखं."

"औषधं?"

"पर्समध्ये."

"आहेर?"

"पिशवीत."

सगळं कसं घडाघडा चाललं होतं. मी आवाज तसाच ठेवला, मान वर केली नाही, आणि कार्डावर नसलेला शब्द वाचला.

"हत्ती?"

"घेतला," बायको म्हणाली.

मी कार्ड मिटलं. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. मागे वळलो आणि पाचही जणांना नासाच्या अहवालाचं सार ऐकवलं. ऐकल्याशिवाय उत्तर देणं म्हणजे काय, त्याने विमानं कशी पडतात, नळ कसे वाहतात, आणि आत्ता या क्षणी या घरातली जबाबदार बाई पिशवीत हत्ती घेतल्याचं कशी छातीठोक सांगते आहे. आईनेही मध्ये तोंड घातलं नाही, इतकं ते रंगलं.

बायकोने शांतपणे पिशवीची चेन ओढली. वर्तमानपत्राच्या घडीतून एक पितळी सोंड बाहेर आली. मग कान. मग पाठीवर दिवा असलेला चांगला वीतभर उंचीचा अख्खा हत्ती.

"हा आहेर आहे," ती म्हणाली. "पाच कंदीलच्या बाजारात घेतला. जरा महाग आहे, घेऊ का म्हणून तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही पेपर वाचत होतात."

"मग मी काय म्हणालो?"

"हो."